कुंडाकाठची झाडं: ताम्हिणी ते आंबा घाट

धनेश (हॉर्नबिल) बघायला कोकणात जायचं तर फेब्रुवारीचा शेवट गाठावा. तोवर काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात, उंबर-वडांवर फळं धरलेली असतात आणि धनेशाच्या माद्या ढोलीत शिरायला सुरुवात झालेली असते. थंडी पुरती गेलेली नसते, त्यामुळे गरम पाण्याच्या कुंडात उतरण्यातही सुख असतं. माझी मैत्रीण कुंडांसाठी येणार होती, मी धनेशासाठी. दोघींचं एकाच रस्त्यावर जमलं, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण अशी उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, ओळच आहे. पालघर जिल्ह्यातून ती सुरू होते आणि ठाणे जिल्ह्यातलं गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी अशी करत थेट राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत जाते. आम्ही या ओळीचा मधला भाग घेतला, आणि परतताना आंबा घाट चढायचं ठरवलं.

गुरुवार: मुळशी, ताम्हिणी, महाड

अंधारातच पुणं सोडलं. मुळशी धरणाच्या कडेने जाताना उजाडलं. पाण्यावर धुकं होतं, म्हणून तिथे थांबलो नाही; पक्षी ऐकू येत होते, दिसत नव्हते.

ताम्हिणी गावाच्या अलीकडे रस्त्यालगत एक मोठी काटेसावर होती. पान एक नाही, नुसती फुलं. गाडी बाजूला लावून तिच्यासमोर बसलो ते दोन तास उठलोच नाही. आधी भोरड्यांचा थवा आला, गुलाबी-काळा, अखंड भांडणारा. भोरड्या हिवाळ्यापुरत्या मध्य आशियाकडून येतात आणि परत जाण्याआधी सावर-पळसाच्या मधावर ताव मारतात. पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव त्यामुळेच पडलं असावं. भोरड्या बसल्या की बाकीच्यांना थारा नाही, असं वाटत असतानाच भृंगराज आला. शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसांच्या चकत्या. त्याने एका शिळेत अर्धी फांदी रिकामी केली. पर्णपक्षी, जंगली मैना, जांभळा शिंजीर, टकाचोर हे सगळे त्याच्या आडून आपापलं खाऊन गेले. खाली गळलेल्या फुलांत भेकराच्या खुरांचे ठसे होते. पहाटे येऊन ते फुलं खाऊन गेलं होतं. सावर वरच्यांना जेवू घालते तशी खालच्यांनाही.

गावातल्या विंझाई देवीच्या राईत शिरलो आणि उन्हाचा रंगच बदलला. बाहेर फेब्रुवारीचं पिवळं माळरान, आत ओल, सावली आणि झाडांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. पाचोळ्यात कुणीतरी पानं उलटत होतं. बराच वेळ हलायचं नाही असं आम्ही खुणेनेच ठरवलं आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर उघड्यावर आला. एक पान उचलायचं, बाजूला टाकायचं, खालचा किडा टिपायचा. आपल्याकडच्या या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन उभे काळे पट्टे असतात. ते दुर्बिणीतून इतके स्पष्ट दिसले की मैत्रिणीने वही काढून त्याचं चित्र काढलं. ओढ्याच्या डबक्याशी शीळकरी कस्तूरही होता, पण त्याची ती प्रसिद्ध शीळ ऐकायची तर पावसाच्या तोंडावर यावं लागतं. आत्ता तो फक्त एक धारदार 'क्रीऽ' करून खडकाआड जात होता.

घाट उतरून निजामपूर, माणगाव, महाड. दुपारी रस्त्यात फारसं काही नाही. ऊन आणि ट्रक.

संध्याकाळी सवला गेलो. सावित्रीच्या काठी हे झरे आहेत, आणि खाडीची भरती इथवर जाणवते. गुरुवार असूनही चार-पाच कुटुंबं होती. पाणी सोसेल इतपतच गरम. मैत्रीण पाय सोडून बसली आणि मी खाडीकडे तोंड करून. ओहोटीच्या चिखलात तुतवार शेपूट हलवत फिरत होता, कुदळ्यांची रांग होती, आणि ऑस्प्रे हा शिकारी पक्षी एक मासा पायात धरून पलीकडच्या माडावर जाऊन बसला. तेवढ्यात वर, खूप वर, रुंद पंखांचा एक पक्षी न हलता गोल फिरताना दिसला. पाठीच्या खालच्या भागावर पांढरा चट्टा. गिधाड!

महाड, म्हसळा, श्रीवर्धन हा पट्टा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या शिल्लक राहिलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी खाणं पुरवलं, घरट्यांवर लक्ष ठेवलं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या तशाच घातक औषधांवर बंदी यायला २०२३ उजाडलं. मी लहानपणी गावाबाहेर गिधाडांचे थवे बघितले आहेत. त्यामुळे एका गिधाडासाठी आम्ही दोघी मान दुखेस्तोवर वर बघत उभ्या राहिलो, ते त्या कुटुंबांना विचित्र वाटलं असेल. पण त्यातल्या एका मुलाला दुर्बीण दिली तर त्याने ती परत द्यायला बराच वेळ घेतला.

गिधाडांना घरट्यासाठी उंच झाड लागतं. आंबा, सातवीण, माड, जे सगळ्यात उंच असेल ते. झाडांचा हा विषय पुढे रोज येणार होता.

शुक्रवार: कशेडी, उन्हवरे, पन्हाळे काजी

कशेडीला आता बोगदा झाला आहे आणि घाईच्या माणसांनी तोच घ्यावा. आम्ही जुन्या घाटाने गेलो. वाहनं कमी झाल्यामुळे वळणावर थांबता येतं, आणि एका वळणावर तुरेवाला सर्पगरुड कठड्यापासून हातभर अंतरावरच्या फांदीवर बसला होता. पिवळे डोळे, पिवळे पाय. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दरीतल्या गवताकडे.

खेडहून वाकवलीच्या बाजूने उन्हवऱ्याला पोचलो. कोकणातल्या कुंडांत हे सगळ्यात तापलेलं: उगमाशी पाणी सुमारे ७० अंश. हात घालायची सोय नाही. तिथून पाणी खेळवत आणून बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या न्हाणी केल्या आहेत, तोवर ते अंगावर घेण्याजोगं होतं. गंधकाचा वास येतो, पण दोन मिनिटांत नाक सरावतं.

आत तीन बायका होत्या. त्यातल्या आजींचे गुडघे धरलेले. सुनेने त्यांना पायरीवर बसवून तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली होती.

"कुठून आलात गं पोरींनो?"

पुणं म्हटल्यावर आजींनी आमच्या वयाची दखल न घेता चौकशा केल्या: नवरे कुठे आहेत, मुलं किती, गाडी कोण चालवतं. मैत्रीण चालवते म्हटल्यावर सुनेचं तोंड उजळलं. "शिमग्याला येऊ नका हो ताई," ती म्हणाली, "मुंबैकर आले की पाय ठेवायला जागा नसते." पाण्यात फार वेळ बसू नका, चक्कर येते, हेही तिनेच सांगितलं, आणि ते खरं आहे, दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन बसावं, वर थंड पाणी प्यावं.

इथे कुठे ज्वालामुखी नाही, तरी पाणी उकळतं कसं, असं मैत्रिणीने मला विचारलं. ती भूगोलाची शिक्षिका नाही, मी आहे, म्हणून हे काम माझ्याकडे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खोल जातो. जमिनीत दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं, त्यामुळे दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी चांगलंच तापतं. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची स्वतःची धग केव्हाच विझली. पण पश्चिम किनाऱ्यालगत खडकाला उत्तर-दक्षिण मोठे तडे गेलेले आहेत, आणि त्या तड्यांतून हे पाणी पुन्हा वर येतं. म्हणूनच कुंडं अशी एका ओळीत आहेत. "म्हणजे हा घाटावरचाच पाऊस," ती म्हणाली आणि आणखी एक तांब्या अंगावर घेतला.

न्हाणीचं पाणी जिथे ओहोळाला मिळतं तिथे करडा धोबी होता. पोटाखाली पिवळा, शेपूट एक क्षण स्थिर नाही. वाफेच्या पाण्यापासून दोन हात लांब, जिथे ते निवतं आणि शेवाळ धरतं, नेमक्या त्या पट्ट्यात तो माश्या टिपत होता. हिमालयातून इथे येऊन त्याने हा कोपरा शोधला होता. मी त्याच्याकडे अर्धा तास बघितलं. दुर्मिळ पक्षी नाही हा, पण एखाद्या जागेचा उपयोग कसा करावा हे कळलेला पक्षी बघत राहण्यात मला फार आनंद होतो.

दुपारी पन्हाळे काजी. कोटजाई नदीच्या काठाला, अगदी पाण्याच्या पातळीजवळ कोरलेली २९ लेणी. हीनयान बौद्धांपासून वज्रयान, मग नाथपंथ, असा शेकडो वर्षांचा वावर त्या भिंतींवर दिसतो. गाणपत्यही होते. छताला पाकोळ्यांनी मातीची घरटी केली होती आणि आमच्या डोक्यावरून त्या आत-बाहेर करत होत्या. समोरच्या काठावर मोठ्या लाल चोचीचा घोंगी खंड्या बसला होता. इथे आणखी वेळ द्यायला हवा असं दोघींनाही वाटलं, पण चिपळूणला पोचायचं होतं.

शनिवार: आरवली, तुरळ, राजवाडी

चिपळूणहून दक्षिणेला मुंबई-गोवा महामार्ग. या रस्त्याबद्दल मला लिहायलाच हवं. मी लहान असताना इथे दोन्ही बाजूंना आंबे आणि वड होते. एसटीच्या खिडकीतून त्यांच्या पारंब्या हाताला लागायच्या. चौपदरीकरणात ती झाडं गेली. रस्ता हवा होता हे मला मान्य आहे; जुन्या रस्त्यावर माणसं मरत होती. पण पन्नास-शंभर वर्षांच्या झाडाच्या बदल्यात दुभाजकावर लावलेली कण्हेर ही भरपाई होत नाही. वडाला फळ धरतं तेव्हा हरियल, कुटुर्गे, तांबट, कोकीळ, धनेश सगळे तिथे असतात. कण्हेरीवर कुणी येत नाही.

आरवलीचं कुंड महामार्गाला इतकं लागून आहे की अंघोळ करणाऱ्याला ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. पाणी कोमट, जेमतेम चाळीस अंश. तुरळचं त्याहून बरंच कडक, साठच्या घरात. दोन्हीकडे फार रेंगाळलो नाही.

राजवाडीला वळलो आणि पुन्हा आवाज बदलले. फाट्यापासून आत गेलं की काजूच्या बागा, भाताची मोकळी शेतं, आणि मग सोमेश्वराचं जुनं देऊळ, लाकडी खांबांवर आणि तुळयांवर कोरीवकाम केलेलं. शेजारीच गरम पाण्याचं कुंड. देवळाभोवती मोठी झाडं राखलेली आहेत. कुंडाच्या कडेला मी बसले होते, पाय पाण्यात, दुर्बीण गळ्यात, आणि पलीकडच्या उंबरावर कुणीतरी मोठ्याने हसलं.

हसणंच ते. मलबारी राखी धनेशाचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस आजूबाजूला बघतो. "हॅ हॅ हॅ" असा चढत जाणारा, घोगरा, नाटकातल्या खलनायकासारखा. मैत्रीण दचकली. मग पानांत हालचाल झाली आणि राखाडी, लांब पिवळसर चोचीचा पक्षी एक उंबर तोडून वर उडवून गिळताना दिसला. फळ चोचीच्या टोकात धरायचं, मान मागे टाकायची, हवेत सोडायचं आणि घशात झेलायचं. तो हे एवढ्या सहज करत होता की मैत्रीण पुटपुटली, "एकदाही खाली पडत नाहीये." हा धनेश फक्त पश्चिम घाटातच सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि २०२० पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे.

पुजारीकाकांना विचारलं, इथली झाडं कुणी तोडत नाही का? त्यांनी आश्चर्याने बघितलं. "देवाची आहेत. कोण तोडेल?" मग थोडं थांबून म्हणाले, "पलीकडची, मालकीची, ती जातात."

पलीकडे म्हणजे समोरच्या डोंगरावर खरंच उघडा पट्टा दिसत होता. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. वनखात्याच्या ताब्यातलं फार थोडं. त्यामुळे अभयारण्याची पाटी लावून इथलं जंगल राखता येत नाही. जमीन वाटण्यांत विभागलेली, मालक मुंबईला, घरात लग्न किंवा आजारपण निघालं की ठेकेदार येतो आणि अख्ख्या डोंगराचा लाकूडफाटा एकगठ्ठा घेऊन जातो. दहा-पंधरा वर्षांत रान पुन्हा हिरवं दिसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आहे की जंगल. पण त्या जंगलात ढोल पडेल एवढं जाड झाड एकही नसतं.

रात्री देवरुखला मुक्काम. वाटेत कसबा संगमेश्वरला कर्णेश्वराचं देऊळ बघितलं. याच गावात फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. त्या महिन्यात तिथे उभं राहताना बोलावंसं वाटत नाही. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ओल्या काजूगरांची उसळ. ओले काजूगर याच दिवसांत मिळतात आणि ती उसळ खाण्यासाठी वाट वाकडी करावी इतकी ती चांगली असते.

रविवार: घरामागची सातवीण

गावाचं नाव मी लिहिणार नाही, कारण घरट्यापाशी गर्दी होऊ नये म्हणून नाव न सांगण्याच्या बोलीवरच आम्हाला नेलं गेलं. देवरुखच्या आसपास गेली काही वर्षं धनेशांची घरटी शोधणं, जमीनमालकांशी बोलणं, झाड राहू द्यायला त्यांना राजी करणं हे काम स्थानिक मंडळी करत आहेत. त्यांच्यातला एक तरुण आमच्याबरोबर आला. पहाटे सहाला आम्ही एका कौलारू घराच्या खळ्यात होतो.

घराच्या मागे उतारावर सातवीण, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, जुनी फांदी मोडून पडली होती तिथे, ढोली. तिचं तोंड लिंपलेलं, मध्ये बोटभर रुंद उभी फट. आम्ही गोठ्याच्या कुडाआड बसलो, झाडापासून चांगलं लांब. फ्लॅश नाही, बोलणं नाही, अंगावर भडक कपडे नाहीत.

पावणेआठला पंखांचा आवाज आला. ककणेर, म्हणजे कवड्या धनेश, उडताना पंखांतून हवा जाते तिचा घरघराट आधी येतो, पक्षी नंतर. काळा-पांढरा नर सरळ ढोलीशी येऊन खोडाला बिलगला, शेपटीचा टेकू दिला. घशातून एक-एक फळ चोचीच्या टोकाशी आणायचं आणि फटीतून आत द्यायचं. आतून चोचीचं टोक दिसायचं, फळ घ्यायचं, नाहीसं व्हायचं. मी मोजायला सुरुवात केली आणि बावीसच्या पुढे मोजणं राहून गेलं, कारण मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता. शेवटी त्याने सालीचा एक तुकडाही आत दिला. तो का, हे मला माहीत असलेल्या कुठल्याही कारणापेक्षा त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं की तिने तो घेतला.

मादी आत गेली की स्वतःच्या विष्ठेने, चघळलेल्या फळांच्या लगद्याने आणि मातीने तोंड बंद करून घेते. अंडी, पिल्लं, तीन-चार महिने. त्या काळात ती आणि पिल्लं पूर्णपणे बाहेरच्या नरावर अवलंबून. त्याला काही झालं तर आतल्या सगळ्यांचं अवघड होतं. आणि धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याची चोच वेगळी, याची वेगळी. फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, लाकूड कुजावं, पोकळी वाढावी, तेवढं होईपर्यंत झाड उभं राहावं, मगच जोडीला घर मिळतं. मिळालं की वर्षानुवर्षं तीच ढोली वापरतात.

नर गेल्यावर आम्ही खळ्यात येऊन बसलो. घरधनीण वहिनी चहा घेऊन आल्या. वहिनींनी आत नेऊन भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. फेब्रुवारीच्या एका चौकोनात पेन्सिलने फुली. "त्या दिवशी आत गेली. सकाळी दोघं होती, दुपारपासून एकटाच येतोय." जानेवारीच्या पानावरही बारीक खुणा होत्या: जोडी ढोलीशी आली तो दिवस, मादीने आत डोकावलं तो दिवस. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसतं, एवढंच. मी पक्ष्यांवरची पुस्तकं वाचत आले आहे, पण इतकी जवळून, इतक्या मायेने ठेवलेली नोंद मी क्वचित बघितली आहे.

त्यांच्या यजमानांना ठेकेदार भेटून गेला होता. उतारावरचं सगळं रान, सातविणीसकट. सातविणीचं लाकूड मऊ, त्याला मोल नाही. पण एकगठ्ठा सौद्यात तेही जातं.

"मग?"

"मग नाय दिलं," ते म्हणाले. "आंबे-काजू दरसाल देतात. ह्ये एकदाच. आणि हिला विचारल्याशिवाय ते झाड देता येणार नाय आता."

वहिनी हसल्या आणि आत गेल्या.

बरोबरच्या तरुणाने सांगितलं, सगळीकडे असं होत नाही. गेल्या हंगामात त्याने पाहिलेलं एक घरटं या वर्षी नाही, कारण झाडच नाही. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (डहाळ्या) तोडतात तेव्हा ऐन-किंजळाचे शेंडे दरवर्षी छाटले जातात, ती झाडं कधी जाड होतच नाहीत; ते चालायचंच, शेतकऱ्याला राब लागतो. पण उताराच्या कडेला, ओढ्याजवळ, बांधावर एखादा बेहडा, एखादी सातवीण, एखादा रानआंबा राहू दिला तरी पुरतं. अख्खं जंगल मागत नाही, म्हणाला, गावागणिक दहा म्हातारी झाडं मागतो.

दुपारी मार्लेश्वराला गेलो. पायऱ्या चढून गुहेतलं देवस्थान, समोर धारेश्वराचा धबधबा, या दिवसांत बारीक झालेला. संक्रांतीला इथे मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न लागतं आणि डोंगर माणसांनी भरतो. आत्ता निवांत होतं. आणि तिथेच, खालच्या दरीतून, महाधनेशाची जोडी गेली. आमच्या डोळ्यांच्या खाली! पंख पसरले की पाच फुटांच्या घरात, पिवळ्या चोचीवर पिवळं शिरस्त्राण, काळ्या पंखांवर पांढरा-पिवळा पट्टा. घरघराट कातळाला आपटून परत येत होता. पायऱ्यांवरची माणसं चढायची थांबली. एका आजोबांनी आपोआप हात जोडले: "गरुड!"

सोमवार: आंबा घाट

साखरप्याहून घाट चढायला लागलं की दर वळणाला हवा गार होते. वर आंबा गाव, कोल्हापूर जिल्हा. इथून विशाळगड जवळ. १६६० साली पन्हाळ्याहून निघालेली शिवाजी महाराजांची वाट याच मुलखातून पावनखिंडीकडे गेली.

अंजनी फुलली होती. झाडाच्या फांद्यांना, अगदी खोडापाशीसुद्धा, निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद चिकटलेले. मैत्रिणीला पक्ष्यांपेक्षा हेच जास्त आवडलं आणि मला तिचं म्हणणं पटलं. वाटाड्या म्हणून गावातला एक मुलगा घेतला, कारण गवे भरपूर आहेत आणि त्यांच्या वाटा त्याला ठाऊक. एकटं जाऊ नये.

कर्णा (मलबार ट्रोगॉन) हा पक्षी बघायचा होता. दाट सावलीत, एका फांदीवर, पाठ आपल्याकडे करून तो अर्धा-अर्धा तास बसतो; तपकिरी पाठ, त्यामुळे समोर असून दिसत नाही. आम्ही त्याचा "क्यू, क्यू, क्यू" असा हळू, घसरत जाणारा आवाज ऐकत उभ्या होतो. मुलगा कुजबुजला, "ताई, सरळ बघा. वर नाय." नर वळला आणि त्याची छाती दिसली. असा लाल रंग मी फुलातही बघितलेला नाही. गळ्याखाली पांढरी कंठी. त्याने फांदीवरून झेप घेऊन एक टोळ उचलला आणि पुन्हा त्याच फांदीवर, पुन्हा पाठ.

मानोलीच्या पाण्याकडे जाताना निलगिरी रानकबुतर, राजालाल निखारांची जोडी, आणि एक शेकरू. सड्यावर मलबारी चंडोल. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांवरून इतका सावकाश गेला की मला त्याच्या चोचीचं पिवळं मूळ दिसलं आणि पसरलेली पिसं मोजता आली. हा पक्षी घरटी चोरतो. शेंड्यांवरून हळू उडत अंडी-पिल्लं शोधतो. त्याच्या वाटेत राजालालांची जोडी गप्प झाली होती.

मंगळवार

मलकापूर, कोल्हापूर, मग मोठा रस्ता. कोल्हापूरला जेवलो. उसाच्या ट्रॉल्या वाटेत भरपूर, त्यामुळे पुण्याला रात्र झाली.

राजापूर या वेळी राहिलं. तिथे अर्जुनेच्या काठी उन्हाळे गावचा गरम झरा आहे आणि जवळच १४ कुंडांची गंगा, जी साधारण तीन वर्षांनी प्रकट होते. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जातं आणि ठरावीक पातळीला पोचलं की वक्रनलिकेच्या तत्त्वाने एकदम बाहेर पडतं, असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. मैत्रिणीने गंगा आली की कळवायला तिथल्या एका ओळखीच्या घरी सांगून ठेवलं आहे. मला जूनमध्ये यायचं आहे, तिबोटी खंड्यासाठी. तो पाऊस सुरू झाला की कोकणात ओढ्याच्या दरडीत बीळ करतो. तिथे झाडं लागत नाहीत, ओढा लागतो, आणि ओढ्याला वरचं रान लागतं.

ज्यांना हा रस्ता करायचा असेल त्यांच्यासाठी: देवरुख परिसरात घरट्यांकडे स्वतःहून शोधत जाऊ नका, तिथल्या अभ्यासकांबरोबरच जा. घरट्याच्या झाडाचा मालक भेटला तर त्याच्या खळ्यात बसून चहा घ्या, आणि आंबे-काजू त्याच्याकडूनच विकत घ्या. आम्ही वहिनींकडे मेमधल्या आंब्याच्या पेट्या आत्ताच सांगून आलो आहोत.